बाळाला न पचणारी साखर

आईच्या एक लिटर दुधात साधारण ७० ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे दुधातली मुख्य साखर, असते. बाळाला ताकद मिळते ती बरीचशी त्यातून. त्याच दुधात ५ ते १५ ग्रॅम अशाही साखरा असतात, ज्या बाळाला जवळजवळ पचतच नाहीत. पहिल्या चिकाच्या दुधात तर त्या याहून जास्त. बाळंतीण आधीच थकलेली. तिच्या अंगातली शक्ती खर्चून झालेली ही साखर बाळाच्या पोटातून तशीच पुढे जाणार असेल, तर शरीर ती बनवते कशाला? याचे उत्तर मिळायला शंभराहून अधिक वर्षे लागली.

या साखरांना ऑलिगोसॅकराइड म्हणतात. साखरेचे मोजके रेणू, सहसा तीन ते दहा, एकमेकांना जोडून झालेली ही छोटी साखळी. वाल किंवा हरभरे खाल्ल्यावर पोटात वात धरतो तो याच कुळातल्या रॅफिनोज आणि स्टॅकिओजमुळे. त्या तोडणारे विकर (एन्झाइम) आपल्याकडे नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्या आंबवतात. मोड आणले की त्या कमी होतात, म्हणून मोडाची उसळ पोटाला सोसते.

दुधातल्या साखरांचा शोध मात्र बाळांच्या मृत्यूंपासून सुरू झाला. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपात वरच्या दुधावरची बाळे अंगावर पिणाऱ्या बाळांपेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात हगवणीने दगावत. कारण शोधण्यासाठी थिओडोर एशेरिश हे बालरोगतज्ज्ञ म्युनिकमध्ये तान्ह्या बाळांची शी तपासत होते. १८८५ मध्ये त्यांनी त्यातल्या एका जिवाणूचे वर्णन केले. तोच आजचा ई. कोलाय. १९०० च्या आसपास पॅरिसच्या पाश्चर संस्थेत हेन्री टिसिए यांना अंगावर पिणाऱ्या बाळांच्या आतड्यात दुसराच, इंग्रजी वाय अक्षरासारखा फाटे फुटलेला जिवाणू मोठ्या संख्येने दिसला. त्याला आपण बिफिडोबॅक्टेरियम म्हणतो. आईच्या दुधात असे काय आहे की हा जिवाणू तिथे फोफावतो?

रसायनशास्त्रज्ञ त्याच दुधाकडे दुसऱ्या वाटेने आले होते. १९३० च्या दशकात फ्रान्समध्ये पोलोनोव्स्की आणि लेस्पान्योल यांनी लॅक्टोजहून वेगळा साखरेचा भाग दुधातून वेगळा काढला. दोन्ही वाटा जुळल्या त्या पॉल गेओर्गी यांच्या कामात. मूळचे हंगेरियन असलेले गेओर्गी हायडेलबर्गमध्ये रिचर्ड कून यांच्यासोबत जीवनसत्त्वांवर काम करत. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आल्यावर त्यांनी जर्मनी सोडली. १९५० च्या दशकात फिलाडेल्फियात त्यांनी दाखवून दिले की बिफिडोबॅक्टेरियमच्या एका प्रकाराला वाढायला आईच्या दुधातला एक घटक लागतो, आणि गाईच्या दुधात तो फारच थोडा आहे. तो घटक म्हणजे हीच ऑलिगोसॅकराइडे. त्यांची रचना उलगडण्यात पुढे कून यांच्याच हायडेलबर्गच्या प्रयोगशाळेचा मोठा वाटा होता.

आता मुंबईकडे यायला हवे. १९५२ मध्ये डॉ. भेंडे, डॉ. देशपांडे आणि डॉ. भाटिया यांनी लंडनच्या संशोधकांसह ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एका नव्या रक्तगटाची नोंद केली, तो पुढे ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणून जगभर ओळखला गेला. त्या लेखाच्या सहलेखकांत विनिफ्रेड वॉटकिन्स आणि वॉल्टर मॉर्गन होते. रक्तगट ठरतो तो पेशींवरच्या साखरेच्या साखळ्यांवरून, हे उलगडणारी हीच जोडी. बॉम्बे रक्तगटात फ्यूकोज नावाची साखर ठरावीक जागी जोडली जात नाही. दुधातही फ्यूकोज तशाच जोडणीने लॅक्टोजला चिकटते, फक्त ते काम भावंड म्हणावे अशा दुसऱ्या विकराचे. त्यातून होते २-फ्यूकोसिललॅक्टोज. युरोप-अमेरिकेतल्या साधारण पाचातल्या एका स्त्रीत हे विकर चालत नाही आणि तिच्या दुधात ही साखर जवळपास नसते. म्हणजे प्रत्येक आईचे दूध सारखे नसते. तिच्याऐवजी त्या दुधात इतर साखळ्या असतातच, त्यामुळे कुणी आईने याने घाबरून जाऊ नये.

मेक्सिकोतल्या बाळांच्या अभ्यासात २००४ मध्ये दिसले की दुधात २-फ्यूकोसिललॅक्टोज जास्त असेल तर कॅम्पिलोबॅक्टर या जिवाणूमुळे होणारी हगवण कमी होते. जंतूला आतड्याच्या पेशींवरच्या ज्या साखळीला धरायचे असते, तिच्यासारखीच साखळी दुधात तरंगत असते. जंतू तिलाच धरतो आणि बाहेर जातो. २००८ मध्ये बिफिडोबॅक्टेरियमच्या इन्फॅन्टिस या उपजातीचा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा नेमक्या याच साखरा आत घेऊन तोडण्याची जनुके त्यात एका गठ्ठ्याने सापडली. आई बाळासोबत त्याच्या जिवाणूंनाही जेवू घालते, हे इतके स्पष्ट झाले. माझ्या मते उशीर झाला तो दूध म्हणजे फक्त बाळाचे पोषण, या समजामुळे.

मग कारखाने आले. १९९५ मध्ये गिब्सन आणि रोबरफ्रॉइड यांनी आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंना पोसणाऱ्या अन्नघटकासाठी ‘प्रीबायोटिक’ हा शब्द दिला. डब्याच्या दुधात आधी लॅक्टोजपासून आणि चिकोरीच्या मुळापासून बनवलेल्या साखळ्या मिसळल्या गेल्या. त्या आईच्या दुधातल्या नव्हेत. खरी २-फ्यूकोसिललॅक्टोज मोठ्या प्रमाणावर मिळू लागली ती ई. कोलायकडून! त्याचे लॅक्टोज तोडणारे जनुक काढतात, फ्यूकोज जोडणारे जनुक घालतात (ते पुष्कळदा जठरव्रणाच्या जिवाणूकडून घेतलेले असते) आणि टाक्यांमध्ये त्याला लॅक्टोज देऊन वाढवतात. एशेरिश यांना बाळाच्या लंगोटात भेटलेला जिवाणू आज बाळासाठी राबतो आहे, याचे मला खरोखर अप्रूप वाटते. २०१६ पासून ही साखर घातलेली बाळाच्या दुधाची पावडर अमेरिकेत विकली जाते.

तरीही डब्यात येतात त्या मोजक्याच साखरा आणि आईच्या दुधात दीडशेहून अधिक. डब्यावर मोठ्या अक्षरांत त्यांचे नाव दिसले तरी हा हिशोब विसरू नये. ज्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाला आईचे दूध मिळत नाही, त्याच्यासाठी दुसऱ्या आईचे दूध हा जवळचा मार्ग. मुंबईत शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली दूधपेढी सुरू केली. दूधपेढीत दान आलेले दूध ६२.५ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे तापवतात. त्यात दुधातल्या काही संरक्षक प्रथिनांचे बळ घटते. या साखरा मात्र जवळपास जशाच्या तशा राहतात.