‘फील्ड’ म्हणजे आपलीच गल्ली

मे महिन्यात दुपारी बाराच्या पुढं सोलापूरचे रस्ते ओस पडतात. पारा त्रेचाळीसच्या वर गेलेला असतो. तरी अलीकडं पूर्व भागातल्या बोळांतून कॉलेजची पोरं फॉर्म घेऊन हिंडताना दिसतात. कुणाला फील्ड प्रोजेक्ट पुरा करायचा असतो, कुणाला इंटर्नशिपचे तास भरायचे असतात. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणामुळं ही कामं पदवीच्या अभ्यासक्रमात आली आणि त्यांना क्रेडिट मिळू लागलं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार चौथ्या सत्रानंतर ६० ते १२० तासांची इंटर्नशिप करायची. हवी तर संशोधनाची. स्टाफरूममध्ये हे सगळं कालपरवा निघाल्यासारखं बोललं जातं. १२० हा आकडा मात्र जुना आहे.

स्वातंत्र्यानंतर लगेच राधाकृष्णन आयोगानं विद्यार्थ्यांनी स्वेच्छेनं राष्ट्रीय सेवा करावी असं सुचवलं. १९५९मध्ये चिंतामणराव देशमुखांच्या समितीनं त्यावर विचार केला, पुढं कोठारी आयोगानंही केला. अखेर गांधीजन्मशताब्दीच्या वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ला, ३७ विद्यापीठांतल्या ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, आणि सात दिवसांचं निवासी शिबिर. आपल्याकडं हे शिबिर बहुतेक थंडीत, गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या आगेमागे होतं. सोलापूरच्या मे महिन्यात पोरांच्या हाती टिकाव द्यायला कुठला प्राध्यापक धजावणार? उन्हाळी सुट्टीतली सेवा म्हटलं की जुन्या कार्यकर्त्यांना सोमनाथ आठवतं. बाबा आमट्यांनी चंद्रपूर जिल्ह्यात १९६७पासून तिथं श्रमसंस्कार छावणी भरवायला सुरुवात केली, तीही ऐन मे महिन्यात. अगदी अलीकडचं उदाहरण २०१८च्या स्वच्छ भारत उन्हाळी इंटर्नशिपचं: १०० तास, दोन क्रेडिट.

या सगळ्या योजनांत एक गोष्ट न बोलता धरलेली असते. विद्यार्थी बऱ्या घरातला, आणि गरिबी त्याच्यापासून लांब, खेड्यात. त्याला तिथं न्यायचं, आठवडाभर घमेलं उचलायला लावायचं, म्हणजे त्याला देश कळेल. पुण्या-मुंबईच्या कॉलेजांना हे लागू पडत असेल. सोलापूरचा इतिहास मात्र उलट बाजूनं चालत आलाय.

४ जानेवारी १९२५ला डॉ. आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेनं सोलापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडलं. सभेचं हे पहिलंच वसतिगृह. म्हणजे इथं विषमता शिकायला बाहेरून कुणी यायच्या आधीच तिच्यातून आलेली पोरं कंदिलाखाली अभ्यास करत होती. शेजारच्या साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७मध्ये कॉलेज काढलं, ते ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर. तिथं श्रम हा अनुभव घेण्याचा विषय नव्हता, जेवणाचा होता. १९७२च्या दुष्काळात तेच दिसलं. १९७३च्या सेवा योजना शिबिरांना देशभर ‘दुष्काळाविरुद्ध युवक’ हा विषय दिला होता. पण सोलापूर जिल्ह्यातल्या किती विद्यार्थ्यांचे आईबाप त्या वर्षी दुष्काळी कामांवर खडी फोडत होते, तिथं मिळणाऱ्या सुकडीवर दिवस काढत होते, आणि सुट्टीत पोरगंही त्याच रांगेत बसत होतं.

‘सेटलमेंट’ या वस्तीची गोष्ट आणखी वेगळी. गुन्हेगार जमाती कायद्याखाली इंग्रजांनी ज्यांना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं, त्यांना सोलापुरात तारेच्या कुंपणात ठेवलं होतं. रोज हजेरी, आणि गिरण्यांना मजूर हवे तेव्हा गिरणीत काम. ३१ ऑगस्ट १९५२ला तो कायदा देशभर रद्द झाला, पण भागाचं नाव अजून तेच आहे. आता तिथं पोरं पाहणीला जातात आणि पहिला प्रश्न विचारतात, ‘घरात माणसं किती?’ नाव विचारून कागदावर टिपणारा अनोळखी माणूस या वस्तीनं पिढ्यान्‌पिढ्या पाहिलाय. म्हाताऱ्या बायका उत्तर द्यायच्या आधी कागदाकडं बघतात, ते उगाच नाही. पोरांना पाठवण्याआधी एवढं तरी कुणी सांगावं. सहसा सांगत नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात विडी कामगारांच्या पाहणीत एसवायची एक मुलगी भेटली. तेलुगू घरातली, मराठी फाड्‌फाड बोलणारी. दारात बसलेल्या बाईंच्या मांडीवर सूप, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. मुलीनं विचारलं, ‘हजारी किती मिळते?’, म्हणजे हजार विड्यांमागं मजुरी किती, आणि उत्तर यायच्या आत आकडा लिहून टाकला. मग ‘छाट’ किती जाते ते विचारलं. छाट म्हणजे कारखान्यात मोजताना खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्या. त्यांची मजुरी बुडते. हा प्रश्न छापील फॉर्मवर नव्हता, तिनं समासात पेन्सिलीनं लिहून घेतला होता. ‘अम्मा संध्याकाळी घरी येऊन आधी छाटच सांगते,’ ती म्हणाली.

सोलापूर शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी केली होती, ती १९६५ला ग्रंथरूपानं आली. त्या परंपरेत या मुलीच्या समासातल्या प्रश्नाला जागा असायला हवी. माझ्या मते तिच्या अख्ख्या फॉर्ममध्ये खऱ्या उपयोगाचा प्रश्न तेवढाच होता.

पैशाचा मुद्दा राहतोच. सुट्टीत सोलापूरची कितीतरी मुलं शिलाईच्या कारखान्यात, पॉवरलूमवर, दुकानात काम करून पुढच्या वर्षाची फी जमवतात. इंटर्नशिपचे १२० तास म्हणजे आठ तासांचे पंधरा रोज. क्रेडिट मिळतं, पगार सहसा नाही. २०२४मध्ये पंतप्रधान इंटर्नशिप योजना आली, महिना ५,००० रुपयांची. त्याच वर्षी राज्यानं मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली, पदवीधराला महिना १०,००० देणारी. तेव्हाच्या नियमांनुसार दोन्ही योजनांत नियमित शिक्षण चालू असलेला विद्यार्थी बसत नव्हता.

त्या मुलीनं साडेबाराला फॉर्म पिशवीत घातले. पंधरा दिवस सकाळी पाहणी, दुपारी घरी विड्या, असं तिनं बसवलं होतं. रोजच्या हजारापैकी आता सहा-सातशेच होतात, उरलेल्या धाकटी वळते म्हणाली. धाकटी दहावीला होती.