टायटॅनियमच्या सायकलीचे पैसे नेमके कशाचे?

टायटॅनियमची रोड बाइक घ्यावी का, असं विचारलं की पहिलं उत्तर मिळतं, "तिची राइडच वेगळी!" फ्रेमची (सायकलीच्या सांगाड्याची) किंमत चांगल्या कार्बन फायबरच्या फ्रेमच्या बरोबरीची, कधी त्याहून जास्त. एवढे पैसे मोजण्याआधी हे उत्तर तपासायला हवं.

टायटॅनियमचं वजन त्याच आकाराच्या पोलादाच्या ५७ टक्क्यांच्या आसपास असतं आणि ताठपणा साधारण निम्मा. म्हणजे वजनाच्या मानाने ताठपणा पाहिला तर टायटॅनियम, पोलाद आणि ॲल्युमिनियम जवळजवळ एकाच पातळीवर येतात. खरा फरक नळ्या पाडतात. जाडी तीच ठेवून नळीचा व्यास दुप्पट केला, तर तिचा वाकण्याला होणारा विरोध सुमारे आठपट वाढतो. त्यामुळे एकाच धातूची एक फ्रेम लवचीक लागते, तर दुसरी दणकट. आरामाचं बहुतेक श्रेय तर टायरचं. २५ ऐवजी ३२ मिलिमीटरचा टायर घालून हवा थोडी कमी ठेवली, तर खडबडीत रस्त्यावर जो फरक पडतो तो कुठलीही फ्रेम पाडू शकत नाही.

वेगासाठी घेत असाल तर घेऊ नका. कार्बनपेक्षा ही फ्रेम अर्धा किलो जड धरली आणि सायकलीसह तुमचं वजन ८० किलो असलं, तर तासाभराच्या चढाला वीसेक सेकंद जास्त लागतील. सपाटीवर मुख्य झुंज हवेशी, आणि हवा कापणारे आकार कार्बनमध्ये घडवणं कितीतरी सोपं.

मग पैसे कशाचे? टिकण्याचे. टायटॅनियमवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर आपोआप बनतो, खरवडला तरी क्षणात पुन्हा येतो. समुद्राची खारी हवा, घाम, पाऊस यांनी ते गंजत नाही. रंगही लागत नाही. पुन्हा पुन्हा बसणाऱ्या धक्क्यांनी ॲल्युमिनियम हळूहळू थकत जातं. नीट बांधलेली टायटॅनियम फ्रेम मात्र मर्यादेतले ताण वर्षानुवर्षं सोसते. कोकणात किंवा मुंबईत राहून एकच सायकल वीस वर्षं चालवायची असेल, तर माझ्या मते ही खरेदी रास्त आहे.

टायटॅनियम दुर्मिळ नाही. त्याचं खनिज, इल्मेनाइट, रत्नागिरीच्या काळ्या वाळूतही सापडतं. महाग आहे ते खनिजातून धातू काढणं आणि त्याहून त्याचं वेल्डिंग. तापलेलं टायटॅनियम हवेतला ऑक्सिजन शोषतं आणि ठिसूळ होतं, म्हणून नळीच्या आतून-बाहेरून आरगॉन वायू सोडून जोड द्यावा लागतो. घेताना जोड पाहा: चंदेरी किंवा फिकट सोनेरी असेल तर ठीक, निळा, जांभळा किंवा राखाडी असेल तर शंका घ्या. आतली बाजू दिसत नाही, त्यामुळे फ्रेमची वॉरंटी किती वर्षांची आणि जोडांना लागू आहे का, हे लेखी घ्या. ॲल्युमिनियमचा सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा, बसवणार असाल तर आधी अँटी-सीझ पेस्ट लावा, नाहीतर दोन धातूंच्या संयोगाने तो आतच जाम होतो.