साक्षीदाराला विचारलेल्या प्रश्नाचा अभ्यास : पार्श्वभूमी

साक्षीची प्रयोगांद्वारे पारख करण्याचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर युरोपात सुरू झाले. प्रश्नाची मांडणी बदलली की मुलांची उत्तरेही बदलतात, हे फ्रान्समधील मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने यांनी १९०० साली दाखवले. १९०८ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांनी, वकील आणि न्यायाधीश मानसशास्त्राकडे पाठ फिरवतात, असा जाहीर आरोप केला. पुराव्याच्या कायद्याचे थोर भाष्यकार जॉन विगमोर यांनी पुढच्याच वर्षी त्यांना एका काल्पनिक खटल्याच्या रूपाने उत्तर दिले : न्यायालयाने वापरावी अशी सिद्ध पद्धत मानसशास्त्राजवळ आहे कुठे? हा प्रतिवाद बोचरा होता, तरी त्या वेळी तो रास्तच होता. पुढे कित्येक दशके दोन्ही शाखांमध्ये अंतर राहिले.

ते अंतर कमी करण्यात भाषेच्या अभ्यासाचा वाटा मोठा आहे, आणि त्याची नोंद पुरेशी घेतली जात नाही, असे मला वाटते. लंडनमध्ये १९५० साली फाशी गेलेल्या आणि १९६६ मध्ये मरणोत्तर माफी मिळालेल्या टिमोथी इव्हान्स यांचे पोलिसांनी नोंदवलेले जबाब भाषावैज्ञानिक यान स्वार्टविक यांनी १९६८ साली तपासले, तेव्हा त्यांतील गुन्ह्याची कबुली देणाऱ्या भागाची वाक्यरचना उरलेल्या मजकुराहून वेगळी आढळली; म्हणजे ते शब्द खरोखर इव्हान्स यांचेच होते का, अशी शंका उभी राहिली. १९७४ मध्ये मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी मोटारअपघाताची चित्रफीत दाखवून वेग विचारला. प्रश्नात ‘धडकल्या’ अशा अर्थाचे क्रियापद असताना अंदाज सरासरी ताशी ३४ मैल आला, तर ‘आदळून चुराडा झाला’ अशा अर्थाचे असताना सुमारे ४१ मैल. अशाच दुसऱ्या प्रयोगात, चित्रफीत पाहिल्यानंतर आठवड्याने पुन्हा विचारले असता, तीव्र क्रियापद ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जणांना फुटलेली काच ‘आठवली’, सौम्य क्रियापद ऐकलेल्या ५० पैकी ७ जणांना. चित्रफितीत काच फुटलेलीच नव्हती. सूचक प्रश्नांविषयी कायद्याला पूर्वापार वाटणाऱ्या संशयाला यातून प्रायोगिक आधार मिळाला.

त्याच दशकात मानववंशशास्त्रज्ञ विल्यम ओबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नॉर्थ कॅरोलायनातील प्रत्यक्ष खटले ध्वनिमुद्रित केले. अडखळत, संकोचाने दिलेली साक्ष, मजकूर तोच असूनही, ऐकणाऱ्यांना कमी विश्वासार्ह वाटते, हे त्यांच्या प्रयोगांतून दिसले.

इंग्लंड आणि वेल्समध्ये चुकीच्या शिक्षांची प्रकरणे उघड झाल्यावर १९९२ पासून पोलिसांना चौकशीचे नवे प्रशिक्षण मिळू लागले, आणि कबुलीऐवजी माहिती मिळवणे हे चौकशीचे उद्दिष्ट ठरले. संशयितांच्या चौकशीचे ध्वनिमुद्रण तिथे आधीच रूढ होऊ लागले होते. त्यामुळे उत्तरासोबत मूळ प्रश्नही जसाच्या तसा तपासता येऊ लागला.