कोंबडीच्या खाद्यात अँटिबायोटिक आलं कसं आणि प्रोबायोटिकचा विचार कुठून सुरू झाला

प्रोबायोटिक, म्हणजे पोटात घालायचे चांगले जिवंत जंतू, म्हटलं की बऱ्याच जणांना वाटतं, कोंबडीच्या खाद्यातल्या अँटिबायोटिकवर बंदी आली म्हणून निघालेली ही नवीन पावडर. पण हा विचार बंदीच्या कितीतरी आधीचा आहे.

आणि अँटिबायोटिकसुद्धा खाद्यात आलं ते आजारासाठी नाही. 1948 च्या सुमारास अमेरिकेत लेडर्ली लॅबोरेटरीज या औषध कंपनीत स्टोकस्टॅड आणि ज्यूक्स हे दोघं शास्त्रज्ञ पिल्लांसाठी व्हिटॅमिन बी12 स्वस्तात कुठून मिळेल ते शोधत होते, त्यांनी ऑरिओमायसिन हे अँटिबायोटिक बनवताना उरलेला चोथा खाद्यात घालून बघितला, तर पिल्लं नुसत्या बी12 ने वाढली असती त्यापेक्षा जास्त वाढली, कारण चोथ्यात थोडं ऑरिओमायसिन उरलेलं होतं. 1951 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनाने, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक खाद्यात घालायला परवानगी दिली आणि मग धडधाकट पिल्लांनाही रोज थोडा थोडा डोस सुरू झाला. मला विचाराल तर खरी चूक इथेच झाली, कारण कमी डोस बरेच दिवस चालला की औषधाला दाद न देणारे जंतू तेवढे मागे उरतात आणि वाढतात. 1969 मध्ये ब्रिटनच्या स्वान समितीने हा धोका स्पष्ट मांडला होता, तरी स्वीडनची बंदी यायला 1986 उजाडलं आणि वाढीसाठीच्या अँटिबायोटिकवर युरोपियन युनियनची पूर्ण बंदी तर 1 जानेवारी 2006 ला आली.

आता दुसरी बाजू, माझ्या मते जास्त महत्त्वाची. कोंबडीखाली उबलेल्या पिल्लाला आईच्या विष्ठेतून, आजूबाजूच्या मातीतून आतड्यातले चांगले जंतू आपोआप मिळतात. हॅचरीतल्या पिल्लाला आई दिसतच नाही, त्याचं आतडं जवळपास रिकामं असतं आणि त्या रिकाम्या जागेत जो जंतू आधी पोचेल तो घर करतो. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला फिनलंडमध्ये ब्रॉयलरमध्ये साल्मोनेला हा रोगजंतू पसरला तेव्हा नुर्मी आणि रँटाला या तिथल्या संशोधकांनी हेच ओळखलं, निरोगी मोठ्या कोंबड्यांच्या आतड्यातला माल नुकत्याच निघालेल्या पिल्लांना पाजला आणि त्या पिल्लांमध्ये साल्मोनेला नीट टिकेना. 1973 मध्ये ते 'नेचर' या विज्ञानाच्या मासिकात छापून आलं. चांगल्या जंतूंनी जागा आणि अन्न आधीच धरून ठेवलं की वाईटाला शिरकाव मिळत नाही, एवढं साधं तत्त्व. पुढच्याच वर्षी पार्कर नावाच्या संशोधकाने प्रोबायोटिक हा शब्द जनावरांच्या खाद्यासाठी वापरला, त्याआधी 1965 मध्ये तो वेगळ्याच अर्थाने आलेला होता. 1998 मध्ये अमेरिकेत 29 प्रकारच्या जंतूंचं मिश्रण पिल्लांवर फवारायला मंजूर झालं, पिल्लू चोचीने पिसं साफ करतं आणि जंतू पोटात जातात.

अडचण आली ती फीड मिलमध्ये. खाद्याच्या गोळ्या, म्हणजे पेलेट करताना वाफेच्या उष्णतेने लॅक्टोबॅसिलससारखे चांगले जंतू मरतात, म्हणून बीजाणू (जाड कवचातलं सुप्त रूप) बनवणाऱ्या बॅसिलस सबटिलिससारख्या जंतूंकडे कल गेला, ते ही उष्णता सोसतात.

तरीपण आजारी पडलेल्या बॅचला प्रोबायोटिकने बरं करू बघणं चुकीचं आहे, तिथे व्हेटला दाखवून योग्य ते औषधच द्यावं लागतं. प्रोबायोटिकची वेळ त्याच्या खूप आधी सुरू होते, पिल्लाच्या पहिल्या एकदोन दिवसांतच, नुर्मीनेसुद्धा ते अगदी कोवळ्या पिल्लांनाच दिलं होतं.