जावा-येझदी आमच्याकडे सोडण्याआधी

जावा किंवा येझदी मोटरसायकल बहुतेक वेळा वडिलांची किंवा आजोबांची असते. वाड्याच्या पडवीत नाहीतर गोठ्याच्या कडेला पंधरा-वीस वर्षं उभी. सीटमध्ये उंदरांचा संसार, टाकीत गंजाचा काढा, चाकं जमिनीत रुतलेली. आमच्या वर्कशॉपसमोर टेम्पोतून उतरवली की पहिला प्रश्न ठरलेला : ‘नवी कोरी करून द्यायला किती घ्याल?’

नवी कोरी आम्ही करत नाही. जी गाडी आहे तीच पुन्हा चालती करतो आणि तिच्यातलं जेवढं म्हैसूरच्या मूळ कारखान्यातून आलेलं शिल्लक आहे तेवढं वाचवतो. गंजलेला पण मूळचा पार्ट आणि चकचकीत पण डुप्लिकेट पार्ट समोर ठेवले, तर आमचा हात आधी गंजलेल्याकडे जातो. हे पटत नसेल तर आत्ताच सांगा, चहा घेऊ आणि मोकळे होऊ. पटत असेल तर पुढे वाचा.

तुमच्याकडे नेमकी कोणती गाडी आहे?

आपल्याकडे सगळ्यांनाच ‘जावा’ म्हणायची पद्धत आहे. १९२९ मध्ये चेकोस्लोव्हाकियात फ्रांटिशेक यानेचेक यांनी वान्डरर कंपनीच्या मोटरसायकलचं उत्पादन हाती घेतलं आणि दोन्ही नावांची आद्याक्षरं जोडून गाडीचं नाव ठेवलं. चेक लोक त्याचा उच्चार ‘यावा’ करतात, आपण ‘जावा’ करतो. तिकडे यावा, इकडे जावा. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून गाड्या बाहेर पडू लागल्या, १९७३ पासून टाकीवर ‘येझदी’ नाव आलं आणि १९९६ ला कारखाना बंद झाला. या काळातल्या अडीचशे सीसीच्या गाड्यांवर आम्ही काम करतो. बुलेट, राजदूत घेत नाही. त्यात आमच्यापेक्षा चांगली माणसं कोल्हापुरात आहेत.

पार्ट मागवताना टाकीवरच्या नावावर जाऊ नका. मधल्या वर्षांत टाक्या, मडगार्ड, कधी अख्खी इंजिनं इकडची तिकडे झालेली असतात. सोळा इंची चाकं, जिकोव्ह कार्बोरेटर, हेडलाइटच्या घुमटीत बसवलेला स्पीडोमीटर अशी जुनी ‘ए टाइप’ असेल तर तिचं मूळ चेक ३५३ मॉडेलमध्ये आहे, आणि त्या मॉडेलचे पार्ट आजही तिकडे बनतात. १९७८ ला आलेल्या येझदी रोडकिंगची गोष्ट वेगळी. बोअर (सिलिंडरचा व्यास) ६५ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची चाल) ७५ मिमी दोघींचा सारखा, म्हणून ‘सगळं एकच आहे हो’ असं सांगून माल गळ्यात मारणारे भेटतात. एकच नाही.

दर महिन्याला कुणीतरी विचारतं, ‘आता नवी जावा आली आहे ना, शोरूममध्ये पार्ट मिळत नाही का?’ २०१८ ला आलेली जावा पाण्याने थंड होणारी, २९३ सीसीची फोरस्ट्रोक आहे. नाव सोडून तिचं जुन्या टूस्ट्रोक गाडीशी काही जुळत नाही.

घरी काय करू नका

किक मारून बघू नका, ही पहिली विनंती. वीस वर्षं उभ्या गाडीत पिस्टनच्या रिंगा स्लीव्हला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळकांड्याला, चिकटलेल्या असतात. चार दणदणीत किका मारल्या की रिंग तुटते आणि वाचण्यासारखी स्लीव्ह ओरखडते. फार तर प्लग काढून दोन चमचे टूटी ऑईल (टूस्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबर घालतात ते) सोडा आणि गाडी तशीच आणा.

दुसरं, किकवर हातोडा नको. या गाडीत किक आणि गिअर एकाच दांड्यावर आहेत. दांडा आत दाबून वर फिरवला की किक, खाली पडला की गिअर. आत पोकळ शाफ्टमधून दुसरा शाफ्ट जातो. दात्यांची झीज झाली की गावाकडचा वेल्डर दांडा शाफ्टलाच चिकटवून देतो. त्या दिवशी गाडी चालते, पण पुढे इंजिनचं कव्हर निघत नाही आणि शाफ्ट कापावा लागतो. वर्षाला अशा चार-पाच गाड्या तरी येतात.

आणि चेसिस नंबर, इंजिन नंबर जिथे ठोकला आहे तिथे पॉलिश पेपर, ग्राइंडर, लांबी (पुट्टी) काहीही लावू नका. का, ते कागदपत्रांच्या भागात येईल.

धूर, आवाज आणि इंजिन

पहिले पैसे इंजिनवर खर्च करायचे, क्रोमवर नाही. आमच्याकडे एकदा आरशासारखी गाडी आली होती. रंग दुसरीकडे झालेला, रेघा सुरेख, स्पोक लखलखीत. आंबोलीच्या घाटात चढावर पिस्टन धरला होता, म्हणजे तापून सिलिंडरमध्ये जाम झाला होता. उघडून बघितलं तर क्रँकची सीलं पहिल्या मालकाच्या वेळची, दगडासारखी कडक.

टूस्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये (पिस्टनखालच्या पेटीत) येतं, तिथे दाबलं जातं आणि मग वर सिलिंडरमध्ये जातं. म्हणजे क्रँककेस हा एक पंपच आहे, आणि पंप म्हटलं की तो हवाबंद हवा. ते काम क्रँकच्या दोन्ही बाजूंची ऑईल सीलं करतात. प्रायमरी चेनच्या (क्रँककडून क्लचकडे जाणाऱ्या) बाजूचं सील गेलं तर गिअरचं ऑईल आत ओढलं जातं. पुंगळीतून (सायलेन्सरमधून) पांढऱ्या धुराचा लोट निघतो, प्लग काळा ओला होतो आणि गिअर ऑईल कुठे सांडलेलं नसताना कमी होत जातं. हे निदान बाहेरूनच करता येतं, आणि ही गाडी निदान ओरडून तरी सांगते. डायनामोच्या बाजूचं सील गेलं तर धूर नाही, डाग नाही. आत फक्त जास्तीची हवा शिरते. मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं, सोडल्यावरही रेस पटकन खाली येत नाही, आणि घाटात एके दिवशी पिस्टन धरतो. मालकाला वाटतं ऑईल कमी पडलं. तो ऑईल वाढवतो. ऑईल वाढवलं की तेवढं पेट्रोल कमी, म्हणजे मिश्रण आणखी पातळ. अशा गाडीला आम्ही हाडवैद्याकडे उशिरा आणलेला पाय म्हणतो.

म्हणून आमच्याकडे आलेल्या प्रत्येक गाडीची सीलं, बेअरिंगं आणि पॅकिंग बदलली जातात. ‘तेवढं राहू द्या, इंजिन चांगलं आहे’ ही सवलत नाही.

क्रँक प्रेसवर खोलतो. बिग एंडची (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाची) रोलर-पिन झिजली असेल तर बदलतो, मग दोन सेंटरच्या मधे फिरवून डायल गेजवर बघत तांब्याच्या हातोडीने सरळ करतो. याला अर्धा दिवस जातो आणि त्या वेळात आमच्या मिस्त्रींशी कुणी बोलायचं नाही, तुम्हीसुद्धा नाही. स्लीव्हचं बोअरिंग करून ०.२५ मिमीच्या पायरीने मोठा पिस्टन बसतो. शेवटच्या मापापर्यंत गेलेल्या सिलिंडरला नवी स्लीव्ह.

जिकोव्ह टाकून दुसऱ्या गाडीचा कार्बोरेटर लावण्याची फॅशन आहे. आम्ही आधी जिकोव्हच दुरुस्त करतो. बहुतेक वेळा त्याची फ्लँज नट जास्त आवळून वाकलेली असते आणि तिथून हवा खाते. काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासली की सपाट. स्लाइड आणि बॉडी दोन्ही झिजले असतील तर मात्र बॉडी बोअर करून नवी स्लाइड लेथवर काढावी लागते.

पार्ट कुठून येतात

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, तिथे आमचा माणूस ठरलेला आहे. मुंबईचा चोर बाजार, दिल्लीचं करोल बाग, चेन्नईचं पुदुपेट, आणि अर्थात म्हैसूर-बंगळूरकडचे जुने मिस्त्री. ए टाइपचे काही पार्ट चेकियातून. उरलेलं इथेच, कोल्हापूरच्या उद्यमनगरात. ऑईल इंजिनांवर वाढलेल्या या पेठेत पॅटर्न मेकर, फौंड्री, गिअर कापणारा, क्रोमवाला सगळे सायकलच्या अंतरावर आहेत. फूटरेस्टचा दांडा, ब्रेकची कॅम, बुश, स्पिंडल हे आम्ही जुना नमुना देऊन बनवून घेतो.

बिलावर प्रत्येक पार्टपुढे तो कोणता ते लिहिलेलं असतं : कंपनीचा न वापरलेला, कंपनीचा वापरलेला, आमच्याकडे बनवलेला, चेक किंवा डुप्लिकेट. डुप्लिकेट म्हणजे वाईटच असं नाही. केबल, रबरं, पॅकिंग, क्लचप्लेटा आज बऱ्या मिळतात. पिस्टन-रिंगच्या बाबतीत मात्र आम्ही चटका खाल्ला आहे. टूस्ट्रोकच्या पिस्टनमध्ये रिंगेची टोकं फिरून पोर्टमध्ये (सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडकीत) अडकू नयेत म्हणून खाचेत बारीक पिन असते. घाईत बाजारातला एक पिस्टन बसवला, त्याची पिन तीनशे किलोमीटरवर सुटली, रिंगेचं टोक एक्झॉस्टच्या पोर्टमध्ये गेलं आणि नवी बोअर केलेली स्लीव्ह खरवडून निघाली. खर्च आम्ही सोसला. तेव्हापासून प्रत्येक पिस्टनची पिन भिंगाखाली बघतो, आणि पिस्टन आधी मोजून मगच बोअरिंगला देतो. सगळ्या कंपन्यांचा धातू सारखा फुगत नाही, तेव्हा पिस्टन आणि स्लीव्हमधली फटही सारखी ठेवून चालत नाही.

जुनी पुंगळी कितीही सडलेली असली तरी भंगारात देऊ नका, गाडीबरोबर आणा. टूस्ट्रोकची ताकद पुंगळीच्या लांबीवर आणि आतल्या नळीवरही असते. बाजारातल्या पातळ पत्र्याच्या पुंगळीने आवाज पत्र्याच्या डब्यासारखा येतो आणि गाडी मधल्या वेगात ओढत नाही. भोकं बुजवता येतात. आतला कार्बन आम्ही कॉस्टिक सोड्यात भिजवून काढतो. पेटवून काढला तर क्रोम निळं पडतं.

तुम्ही स्वतः पार्ट विकत घेऊन आणलात तरी चालेल, पण पैसे देण्याआधी फोटो आम्हाला पाठवा, शेजारी पट्टी ठेवून.

रंग, क्रोम, वायरिंग

मरून रंगावरच्या सोनेरी रेघा आमचे पेंटर ब्रशने ओढतात. स्टिकर लावत नाही. हाताच्या रेघेत जाडी थोडी कमी-जास्त होते. ती कारखान्यातही व्हायची.

क्रोमच्या खाली तांबं आणि निकेल दोन्ही थर द्यायला लावतो, म्हणून क्रोमवाला इतरांपेक्षा महाग पडतो. स्पोकला पुन्हा क्रोम करत नाही. आम्लात बुडवलेली तार ठिसूळ होऊन तुटते. त्याऐवजी स्टेनलेसच्या नव्या तारा.

टाकी आतून गंजमुक्त करून देतो. साधा इपॉक्सीचा थर आम्ही देत नाही. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे, त्याने असा थर सुटून सालपटं जेटमध्ये जातात. इथेनॉल जुनं रबर फुगवतं आणि पाणी धरून ठेवतं. त्यामुळे पेट्रोलची नळी, कॉकची पॅकिंग बदलतो. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत चालवा, टाकी भरून ठेवा.

जावाचं वायरिंग सहा व्होल्टचं आहे. दिवा मंद दिसतो म्हणून लगेच बारा व्होल्टवर जायची गरज नसते. अर्धा दोष बारीक वायरी आणि गंजलेल्या अर्थिंगचा असतो. तरीही बदल हवाच असेल, तर चेसिसला भोक न पाडता करतो आणि जुनं सगळं पिशवीत घालून परत देतो.

आरसी बुक

कागद नसलेली गाडी आम्ही कामाला घेत नाही. आरसी वडिलांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील तर वारसा-नोंद आधी मार्गी लावा, त्यात गाडीच्या कामापेक्षा जास्त वेळ जाऊ शकतो.

१५ वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण दर ५ वर्षांनी होतं आणि पर्यावरण कर भरावा लागतो. आरटीओत चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट घेतात. नंबरावर लांबी किंवा जाड रंग असला तर प्रिंट उठत नाही आणि मग संशयाची सुरुवात होते. वर ग्राइंडरबद्दल सांगितलं ते यासाठी.

जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली, मूळ रूपातली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुनर्नोंदणीला ५,००० रुपये, मुदत १० वर्षं आणि नंबरात ‘व्हीए’ अक्षरं. मूळ नंबर असलेल्याला तो ठेवता येतो. पण अशी गाडी रोज फिरवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच. गाडीवरून शेतावर जायचं असेल तर साधं नूतनीकरणच बरं. आणि रोडकिंगवाल्यांनी घाई करू नये, सगळ्यात जुनी रोडकिंगसुद्धा २०२८ शिवाय पन्नाशी गाठत नाही.

वेळ, पैसे आणि पहिले हजार किलोमीटर

पूर्ण कामाला सहा ते नऊ महिने. त्यातले निम्मे पार्टची वाट बघण्यात. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदी दिवस असतो आणि मे महिन्यात सगळ्यांना तोपर्यंत गाडी हवी असते. त्या रविवारसाठी गाडी दिवाळीच्या सुमारास आणून सोडा.

इंजिन उघडल्यावर अंदाजपत्रक देतो, त्याआधी तोंडी आकडा नाही. आगाऊ रक्कम पार्टपुरती, बाकी इंजिन सुरू झालेलं तुम्ही ऐकल्यावर. बदललेले सगळे पार्ट खोक्यात घालून परत मिळतात. त्यातले काही आम्हाला विकलेत तर आनंद, दुसऱ्या कुणाच्या गाडीला उपयोगी पडतात.

पहिल्या १,००० किलोमीटरपर्यंत लिटरला ४० मिली टूटी ऑईल, डोळ्यांनी नाही, मापाने. आधी ऑईल थोड्या पेट्रोलमध्ये हलवून मग टाकीत. ताशी ५० च्या वर नाही, डबल सीट घाट नाही, आणि एकाच वेगात तासभर चालवणं नाही. उतारावर मधूनमधून थोडी रेस द्या. टूस्ट्रोकला ऑईल पेट्रोलबरोबरच मिळतं, रेस बंद तर ऑईलही बंद.

गाडी न्यायला शक्यतो सकाळी या, म्हणजे थंड इंजिनवर किक कशी मारायची ते दाखवता येईल. हेल्मेट आणि अर्धा लिटरची मोकळी बाटली बरोबर आणा. सोमवारी वर्कशॉप बंद असतं.