घंटागाडी आली, चपला कुठे?

आमच्याकडून लाकडी पायरी किंवा लहान मुलांच्या खुंट्या नेणाऱ्या घरांसाठी

पायरी नेल्यावर महिनाभराने काही आईबाबा परत येतात आणि म्हणतात, "पायरी चांगली आहे हो, पण हा तिच्यावर चढून हात काही धूत नाही." त्यावर आम्ही उलट विचारतो, "सध्या त्याला वेड कशाचं आहे?" हे पत्रक त्या प्रश्नाबद्दल आहे.

दीड ते तीन वर्षांच्या मुलाला कसलं ना कसलं वेड असतंच. कुणाला नाशिकरोडची रेल्वे, कुणाला सिटीलिंकची बस, कुणाला गॅलरीतली कबुतरं. आणि नाशकातल्या कितीतरी घरांत सकाळची घंटागाडी.

आमच्या ओळखीच्या एका घरातली दोन वर्षांची मुलगी पायात चप्पल घालूच देत नसे. गल्लीच्या तोंडाशी घंटागाडीचा आवाज आला की अनवाणीच दाराकडे पळायची. आजीने तिच्या चपला दाराजवळ, तिच्या हाताला येतील अशा ठेवल्या आणि आवाज आला की एवढंच विचारायचं ठरवलं, "घंटागाडी आली, चपला कुठे?" पहिले काही दिवस पाय आत सरकवण्यापासून सगळं आजीच करायची, फक्त शेवटची पट्टी चिकटवणं नातीकडे. ते जमल्यावर पट्टी ओढून घेणंही तिच्याकडे आलं, मग पाय सरकवणं. तीनेक आठवड्यांत चपला तिच्या तिने घातल्या. बऱ्याचदा उलट्या, पण आजीने त्या सरळ करायचा आग्रह धरला नाही, आणि आम्हाला ते फार आवडलं. पुढे केळ्याचं साल हिरव्या डब्यात आणि बिस्किटाचा कागद निळ्यात, हेही त्याच गाडीपायी आलं.

"स्वतःची कामं स्वतः करावीत" ही इच्छा आपली असते. दोन वर्षांच्या मुलाला गाडी बघायची असते आणि चपला त्या गाडीच्या वाटेवर असतात. म्हणून पट्टी चार वेळा निसटली तरी ते पाचव्यांदा हात घालतं. नुसता सराव म्हणून बसवलं, तर दुसऱ्यांदाच उठून जातं.

आजीने शेवटचं काम आधी दिलं, ती युक्ती चड्डी, सदरा, मोजे सगळ्याला चालते. चड्डी तुम्ही मांडीपर्यंत चढवा, शेवटचा हिसका मुलाला द्या. काम पुरं झाल्याचा आनंद त्याच्या वाट्याला येतो. घालण्यापेक्षा काढणं सोपं, तेव्हा मोजे आधी काढायला शिकू द्या.

आता पायरीचं. हात धुवायला न चढणारं मूल द्राक्षं धुवायला चढतं! हंगामात घड आणला की मण्यांची वाटी बेसिनवर द्या आणि पायरी पुढे सरकवा. पाण्यात खेळता खेळता हात आपोआप धुतले जातात, मग साबण देणं सोपं. (द्राक्ष अख्खं कधीच देऊ नका. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला ते उभं चिरून चार फोडी करूनच द्या. अख्खा मणी श्वासनलिकेत अडकून जीव जाऊ शकतो.) पाणी ओतायचा नाद असेल तर भांडी बाजारातून छोटा गडू आणि फुलपात्र आणा. प्लॅस्टिकच्या पेल्यापेक्षा ते जड असतं, त्यामुळे हाताला अंदाज येतो. सांडलेलं पुसायला फडकं शेजारीच ठेवा. पुसणं हाही मुलांना खेळच वाटतो.

चॉकलेटचं आमिष मात्र दाखवू नका. 1973 साली अमेरिकेतला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. तीन ते पाच वर्षांच्या, चित्रं काढायला आवडणाऱ्या काही मुलांना "चित्र काढलंस तर प्रमाणपत्र मिळेल" असं आधीच सांगितलं. पुढे मोकळ्या वेळात ती मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांत रमली. ज्यांना न सांगता अचानक बक्षीस मिळालं, त्यांची आवड कमी झाली नाही. "हात धुतलेस तरच बस दाखवीन" हेही आमिषच. बस बघायला जाताना हात धुणं ओघात येऊ द्या.

पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडला बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं चारणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली, तिला कुरणशाळा म्हणत. मूल जिथे आहे तिथे आपण जायचं, हे आम्ही त्यांच्याकडून घेतलं.

एक विनंती. प्रत्येक वेडाला धडा जोडू नका. कधी घंटागाडी नुसतीच बघू द्या. दोन महिन्यांनी तिची जागा जेसीबी घेईल, तेव्हा तुम्हीही बदला. शी-शूच्या सवयीची घाई नको. मूल दोनेक तास कोरडं राहू लागलं आणि खुणेने का होईना सांगू लागलं की सुरुवात करा. पण दीड वर्षाचं मूल आवडत्या गोष्टीकडे बोट दाखवत नसेल, किंवा दोन वर्षांचं दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर वाट न बघता बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

पायरी कोरड्या फरशीवर, रबरी बुटं खाली येतील अशी ठेवा. मूल वर असताना मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवं. काम झालं की पायरी उचलून ठेवा. गॅस, खिडकी आणि गॅलरीच्या कठड्याजवळ ती कधीही राहू देऊ नका. खुंट्या मुलाच्या खांद्याच्या उंचीला ठोका, डोळ्यांच्या रेषेत नको. लाकडाची कुसळं निघू लागली तर पायरी दुकानात आणा, घासून पॉलिश करून देतो, त्याचे पैसे घेत नाही.