बायबल, बुश आणि एड्सच्या गोळ्या

अमेरिकेचं परराष्ट्र धोरण आणि इव्हॅन्जेलिकल ख्रिश्चन (बायबललाच अंतिम मानणारे, धर्मप्रसारावर भर देणारे प्रोटेस्टंट) असा विषय निघाला की आपल्याकडे गाडी थेट इस्रायलवर जाते. पण या श्रद्धेचा परिणाम खरंच मोजून बघता येईल अशी केस मला विचाराल तर वेगळीच आहे, आफ्रिकेतला एड्स.

२८ जानेवारी २००३ ला जॉर्ज बुशने अमेरिकी संसदेपुढच्या भाषणात एड्ससाठी ५ वर्षांत १५ अब्ज डॉलर देणार असं जाहीर केलं, पुढे याच योजनेला पेपफार नाव पडलं. इराक युद्ध तोंडावर होतं त्यामुळे भाषणातलं लोकांना इराकच आठवतं. तेव्हा आफ्रिकेत ४० लाखांहून जास्त पेशंटना औषधांची तातडीने गरज होती आणि मिळत होती जेमतेम ५० हजारांना. वर्षाचा खर्च १२ हजार डॉलरवरून ३०० च्या खाली आलाय असं बुशच त्यात म्हणाला, आणि हा भाव पाडण्यात मोठा वाटा आपल्या मुंबईच्या सिप्ला या औषध कंपनीचा, २००१ मध्ये तिचे प्रमुख युसूफ हमीदनी दिवसाला एक डॉलरपेक्षा कमी दरात तीन औषधं देऊ केली होती.

पण स्वस्त झालं म्हणून कुठलं सरकार एवढा पैसा सोडत नाही. जेसी हेल्म्स हे नाव इथे महत्त्वाचं, नॉर्थ कॅरोलिनाचा कट्टर सिनेटर, परदेशी मदतीचा जुना विरोधक, एड्सच्या पेशंटबद्दल वर्षानुवर्षं अत्यंत वाईट बोललेला माणूस. इव्हॅन्जेलिकल धर्मप्रचारक फ्रँकलिन ग्रॅहमच्या मिशनरी संस्थेने फेब्रुवारी २००२ मध्ये वॉशिंग्टनला एड्सवर परिषद भरवली, तिथे हाच हेल्म्स म्हणाला की मी इतकं कमी केलं याची लाज वाटते. बुशचा भाषणलेखक मायकल गर्सन पण इव्हॅन्जेलिकल, तोही आतून जोर लावत होता. इव्हॅन्जेलिकल मतदार बुशचा कणा होते, ते तयार झाले आणि रस्ता मोकळा झाला.

आता पैशाबरोबर अटी पण आल्या. कायद्यात लिहिलं गेलं की लागण रोखण्याच्या पैशातला एक तृतीयांश भाग 'लग्नापर्यंत संयम' शिकवण्यावरच खर्च करायचा. बाई एकनिष्ठ असून नवऱ्याकडून लागण होते त्याचं काय, हा साधा प्रश्न तेव्हाही लोक विचारत होतेच.

मग या संयमाच्या शिकवणीचा उपयोग झाला का? नुसतं आधीचं आणि नंतरचं बघून कळत नाही कारण काळाबरोबर वागणं तसंही बदलतं, शाळा वाढतात, मुली उशिरा लग्न करतात. म्हणून स्टॅनफर्डच्या संशोधकांनी पेपफारचा पैसा मिळालेले १४ आणि न मिळालेले ८ आफ्रिकी देश घेतले, जवळपास ५ लाख लोकांच्या घरोघरी झालेल्या सर्व्हेंची उत्तरं काढली, पहिला संबंध कितव्या वर्षी, गेल्या वर्षात जोडीदार किती, किशोरवयात गरोदरपण आलं का, आणि दोन्ही गटांत बदल किती झाला याची तुलना केली. २०१६ मध्ये आलेलं उत्तर असं की १.४ अब्ज डॉलर खर्चूनही म्हणण्यासारखा फरक नाही. उलट याच टीममधल्या एरन बेंडाविडने २००९ मध्ये त्याच पद्धतीने मृत्यू मोजले होते, तर पेपफारच्या देशांत एड्सचे मृत्यू साधारण १०.५ टक्क्यांनी कमी निघाले, २००७ पर्यंत अंदाजे १२ लाख जीव वाचले. लागणीच्या प्रमाणात मात्र तिथेही फरक नव्हता. गोळी घेणारा चर्चला जातो की नाही याने गोळीला काही फरक पडत नाही, प्रवचनाचं तसं नसतं, आणि माझ्या मते श्रद्धेने पैसा काढला तिथवर ठीक होतं, तो कसा खर्चायचा हे तिनेच ठरवलं तिथे घोळ झाला.

संयमाची सक्ती २००८ मध्ये सैल झाली. दुसरी अट मात्र चिवट निघाली. पैसा घेणाऱ्या संस्थेने आपण वेश्याव्यवसायाच्या विरोधात आहोत असं लिहून द्यायचं. आता ज्या बायकांना कंडोम वापरायला सांगायचं त्यांच्याच कामाच्या विरोधात सही करून त्यांच्या दारात कुठल्या तोंडाने जायचं? ब्राझीलने २००५ मध्ये सुमारे ४ कोटी डॉलर नाकारले. त्याच वर्षी आपल्या सांगलीच्या संग्राम संस्थेने, जिच्या कामातून सेक्स वर्कर बायकांची वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली, सही करायला नकार दिला आणि अमेरिकेचा पैसा परत केला. २०१३ मध्ये अमेरिकी सुप्रीम कोर्टाने ही अट अभिव्यक्ती स्वातंत्र्याच्या विरोधात ठरवली, पण फक्त अमेरिकी संस्थांपुरती, आणि २०२० मध्ये स्पष्टच केलं की परदेशी संस्थांना तो हक्क नाही, म्हणजे न्यूयॉर्कची संस्था सहीशिवाय पैसा घेऊ शकते, सांगलीची नाही.